लोटनचा ब्रेक

लोटनबद्दल चांगलं लिहिणं मला जड जातं. पण त्याचं काम जवळून पाहिलेला आता मी एकटाच उरलो आहे, म्हणून लिहितो.

धुळ्याला देवपुरात भिकमचंद शेठचं वर्कशॉप होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनायच्या. मी वेल्डर, लोटन फिटर. तो माझ्यानंतर लागला. मी हात भाजून काम शिकलो. त्याला ते एकदा पाहून यायचं. बिडी ओढत नुसता बघत बसायचा, मग उठून एका दमात करून टाकायचा. मला ते कधी सहन झालं नाही. कष्ट दिसले पाहिजेत, असं मी मानतो.

१९८८ साली आमचे जुने मिस्तरी धनसिंगनाना काम सोडून मुलाकडे नरडाण्याला जायला निघाले. त्यांची जागा आम्हा दोघांपैकी एकाला मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती माझीच, असं मी धरून चाललो होतो.

त्याच सुमारास तापीकाठच्या मच्छीमार सोसायटीने लोखंडी होडी घेतली. ती जीपमागे ट्रॉलीवर घालून या धरणावरून त्या धरणावर न्यायची. ट्रॉली आम्हीच बनवली होती. तिला ब्रेक नव्हता. धुळ्याजवळच्या लळिंग घाटाच्या उतारावर होडीच जीपला ढकलत निघाली. सोसायटीचा ड्रायव्हर पुना कसाबसा खाली पोचला आणि त्याने चावी शेठच्या टेबलावर आपटली.

"शेठ, ब्रेक लावा, नाहीतर जीपच्या मागे बैल जुंपा."

शेठनी आम्हाला बोलावलं. "अभिमन, लोटन, दोघं आपापलं सांगा. ज्याचा ब्रेक लळिंगला टिकेल तो मिस्तरी."

मी म्हणालो, ट्रॉलीवर बैठक करू. एक माणूस बसेल आणि उतारावर स्क्रूचं चाक फिरवून ब्रेक आवळेल.

"तो झोपला तर?" लोटन म्हणाला. सगळे हसले.

त्याचं म्हणणं वेगळं होतं. ओढायचा दांडा सरकता ठेवायचा. जीप हळू झाली की ट्रॉली स्वतःच्या वजनाने पुढे रेटते, दांडा आत सरकतो, दोर ताणला जातो, ब्रेक लागतो. जितका रेटा, तितका ब्रेक. माणूस नकोच. ब्रेकचे ड्रम भंगारातल्या अँबॅसेडरचे.

ऐकताक्षणी मला कळलं की हे माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी खोट शोधली आणि ती सापडली.

"होडी पाण्यात सोडताना ट्रॉली मागे घ्यायची असते. तेव्हाही दांडा आत सरकणार, चाकं जाम होणार. मग होडी काय डोक्यावर नेणार?"

लोटनने बिडी विझवली. "बरोबर. दांड्याला खिट्टी ठेवू. मागे घेताना ती घातली की दांडा सरकणार नाही."

"आणि ड्रममध्ये पाणी शिरेल ते?"

"भोकं पाडू. निघून जाईल."

मी खोट काढत गेलो आणि त्याचा ब्रेक पक्का होत गेला. शेठनी तोच निवडला. दांड्याचं वेल्डिंग माझ्याकडे आलं. ते मी चांगलं केलं. वाईट वेल्डिंग मला येत नाही.

चाचणीला सोसायटीचे चेअरमन वना भोई आले. त्यांनी चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. शेठ पुनाशेजारी बसले. आम्ही उताराच्या पायथ्याशी उभे राहिलो. जीप वरून निघाली आणि थांबेचना. पुनाने गिअर पाडत, हॉर्न वाजवत ती आमच्यासमोरून नेली आणि पुढच्या चढावर कशीबशी उभी केली.

शेठ पांढरेफटक पडून उतरले. "लोटन, हे काय केलंस?"

मला हसू आवरेना. मी तोंड फिरवलं. मिस्तरीच्या खुर्चीवर मी मनातल्या मनात बसूनही घेतलं.

लोटनने ड्रमच्या भोकावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. "यात तेल कोणी टाकलं?"

वनाभाऊ ऐटीत पुढे आले. "मी टाकं. नवी गाडी शे भाऊ, वंगण नको का? बठ्ठा नळा ओती दिधा. नाहीतर भोकं कसाले पाडात मंग?"

बैलगाडीच्या चाकाला नळ्याने वंगण देणारा माणूस, भोक दिसलं की तेलाचा अख्खा नळा ओतणारच. पुना पोट धरून हसला. लोटन चिडला नाही.

"वनाभाऊ, ब्रेक म्हणजे चाकाला धरणारा हात. तेलकट हातात मासा राहतो का?"

वनाभाऊंनी कपाळावर हात मारला.

लोटनने रस्त्याच्या कडेला ड्रम उघडले, पुसून काढले, ब्रेकचे पट्टे पेट्रोलने धुतले, कानसीने घासले. स्पॅनर मी देत होतो. दुसऱ्या खेपेला पुनाने उताराच्या मधोमध जीप उभी करून दाखवली. होडी जागची हलली नाही. मग खिट्टी घालून ट्रॉली मागेही घेतली, चाकं जाम झाली नाहीत.

शेठ खूश झाले. "लोटन, खिट्टीची अक्कल भारी हं."

"ती अभिमनची," लोटन म्हणाला. "भोकंही त्याच्यामुळेच सुचली."

हे त्याने बोलायला नको होतं. श्रेय लाटलं असतं तर मला निदान रीतसर राग धरता आला असता. शेठनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि वर्कशॉपची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

निवृत्त होईपर्यंत मी त्याच्या हाताखाली काम केलं. बाकीचे त्याला मिस्तरी म्हणायचे, मी लोटनच म्हणायचो. तो ओ द्यायचा. अवघड काम आलं की आधी मला हाक मारायचा, "अभिमन, ये, यात खोट काढ."

मी जायचो. जाताना दर वेळी वाटायचं, आज एकही खोट सापडू नये. आणि सापडायचीच.