आमच्या फुग्यातले अंतराळवीर

काळोखात पन्नासेक पोरं कोंबून त्यांना आकाश दाखवायचं काम तुम्ही कधी केलंय? नसेल केलं, तर तुमच्याकडे किस्से कमी असणार, पैज लावून सांगते! आम्ही गावोगावच्या शाळांत फिरतं तारांगण घेऊन जातो. कापडाचा भला मोठा घुमट, पंख्यानं हवा भरली की मांडवाएवढा होतो. पोरं रांगत आत शिरतात आणि आम्ही छतावर तारे, रॉकेटं, अंतराळवीर दाखवतो. नांदेड-लातुरात सगळे त्याला ‘फुगा’च म्हणतात. संध्याकाळी फुग्याची घडी घालताना आतून क्लिपा, चिंचोके, एका पायाची चप्पल असं काय काय निघतं. किस्सेही तसेच निघतात, रोज नवे.

आम्ही तिघं. भालेराव सर, म्हणजे आमचे साहेब. प्रोजेक्टर तेच चालवतात. गफूरभाई, म्हणजे गाडी, पंखा आणि जनरेटर. आणि मी वर्षा, बीएस्सी फिजिक्स, म्हणजे आवाज. अंधारात उभं राहून गोष्ट सांगायची. अडचण एकच, मी दचकते. कुकरच्या शिट्टीला दचकते. स्वतःच लावलेल्या अलार्मला दचकते!

\* \* \*

माझा पहिलाच शो, नांदेडजवळच्या एका शाळेत. “तीन, दोन, एक...” मीच मोजत होते. शून्याला रॉकेटचा धडाडधूम आवाज झाला आणि मी किंचाळले. माझ्यामागोमाग अख्खा फुगा किंचाळला!

बाहेर मुख्याध्यापकांना वाटलं, आत साप निघाला. ते काठी घेऊन रांगत आत आले, तर छतावर रॉकेट ढगात चाललेलं. काठी तशीच उगारलेली ठेवून त्यांनी पूर्ण शो पाहिला.

नंतर पोरांनी मला घेरलं. “मॅडम, पुन्यांदा वरडा की!”

सर मात्र हसले नाहीत. “वर्षाताई, हिमायतनगरच्या शोला आपल्या संस्थेचे अध्यक्ष, अप्पा, येणार आहेत. त्यांनी या गोष्टींचा रेकॉर्ड केलेला आवाज आणून ठेवलाय. तोवर तुमचं जमलं तर ठीक. नाही जमलं तर फुग्यात मशीन बोलेल आणि तुम्ही ऑफिसात बसाल.”

मला ऑफिस नको होतं. कॉलेजात तोंडी परीक्षेला माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. पण त्या अंधारात, कुणाचाच चेहरा दिसत नसताना, मी बोलत होते. किंचाळत का होईना!

\* \* \*

मुदखेडची गोष्ट. आमच्याकडे शाळेत काहीही नवं आलं, कॉम्प्युटर येवो नाहीतर पाण्याचा फिल्टर, आधी त्याची पूजा होते. फुग्याचीही झाली. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. मग मोठ्या बाईंनी भक्तीच्या भरात उदबत्ती जरा जास्तच जवळून ओवाळली. फस्स! कापडाला बोटभर भोक. मी अर्थातच उडाले.

“काही न्हाई मॅडम, चिकटपट्टी आणतो,” म्हणत गफूरभाई गाडीकडे पळाले. तोवर पोरं आत बसलेली आणि सगळ्यांचं लक्ष त्या भोकाकडे. मग मी सरळ तीच गोष्ट काढली. खूप वर्षांपूर्वी तीन अंतराळवीर परत येत होते. वाटेत यानाची एक झडप उघडी पडली आणि आतली हवा निघून गेली. यान ठरल्यासारखं उतरलं. दार उघडलं, तर आत कुणी जिवंत नव्हतं. त्यांच्या अंगावर हवाबंद पोशाख नव्हते. त्यानंतर मात्र चढता-उतरता अंतराळवीर पोशाखाशिवाय बसायचे बंद झाले.

तेवढ्यात मागून एक चौथीतली पोरगी उठली आणि तिनं त्या भोकावर तळहात दाबून धरला. गफूरभाई पट्टी घेऊन आले तरी ती हलेना.

“तुम्ही बोला मॅडम,” ती म्हणाली, “मी धरून राहिले.”

\* \* \*

औशाकडच्या एका गावात मोठ्या माणसांनीही शो बघायचा हट्ट धरला. सरपंचबाई सगळ्यांत पुढे. मी सांगत होते की अंतराळ स्थानकात घाम आणि लघवीसुद्धा वाया घालवत नाहीत, शुद्ध करून तेच पाणी पुन्हा पितात.

“अगं माय!” म्हणत अर्ध्या बायकांनी पदर तोंडाला लावला.

सरपंचबाईंनी मात्र विचार केला. “तितं टँकर जात न्हाई का?”

“नाही जात.”

“आन् रेल्वे?”

लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं ते साल कोण विसरलंय! अख्खा फुगा खो खो हसायला लागला. मीही हसले. सरपंचबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

“हसू नका गं,” त्या म्हणाल्या. “रेल्वे बी येत न्हाई आन् तरी ऱ्हात्यात म्हंजे लई हिमतीची लेकरं हायत.”

\* \* \*

एक गोष्ट सांगताना माझा आवाज दरवेळी अडकतो. आपल्याच देशात जन्मलेली एक बाई ज्या यानात होती, ते परतीच्या वाटेवर तुटलं, त्याची. उड्डाणाच्या वेळीच पंखाला मार लागला होता. घर काही मिनिटांवर होतं.

उदगीरला मी तिथंच थांबले, पाणी प्यायले. अंधारातून एका मुलीनं विचारलं, “मग पुढच्या येळी पंख तपासले का त्यांनी?”

“हो. वर पोचलं की आधी यानच तपासायला लागले.”

“नीट?”

“अगदी नीट.”

“आन् बाया गेल्या का पुन्हा?”

“कितीतरी जणी गेल्या.”

“हां, मग जाऊ द्या,” ती म्हणाली. जगभरातली यानं कुणाच्या परवानगीसाठी अडून बसली होती, ते मला तेव्हा कळलं!

\* \* \*

आणि मग हिमायतनगर.

अप्पा आले. पांढरे कडक कपडे, भरघोस मिशी. त्यांनी नुसतं खाकरलं तरी आमच्या ऑफिसात माणसं उठून उभी राहतात. “मी मागं बसतो,” ते म्हणाले. “आवाज कसा येतो बघू.” आणि पोरांबरोबर रांगत आत गेले.

रॉकेट उडालं. मी ओढणी दातात धरली. किंचाळले नाही! मग मी माझी सगळ्यांत आवडती गोष्ट काढली. चंद्राकडे निघालेले तिघं. वाटेतच यानातली टाकी फुटली. चंद्र राहिला बाजूला, आता जिवंत परतायचं कसं? वीज वाचवायची होती. “म्हणून त्यांनी एकेक करत यानातले दिवे...”

आणि लाईट गेली. खरीखुरी!

प्रोजेक्टर बंद, माइक बंद, पंखा बंद. पंखा थांबला की फुगा हळूहळू खाली बसतो. कापड कुणाला चिरडत नाही. पण पन्नास पोरं अंधारात एकदम त्या रांगायच्या दाराकडे धावली तर? हाच एक खरा धोका, असं सरांनी मला पहिल्या दिवशीच बजावलं होतं.

बाहेर जनरेटरच्या दोरीचा आवाज. खर्र... खर्र... “चालू होऊन न्हाई राहिला सर!” गफूरभाई ओरडले.

अंधारात सर नुसतं “वर्षाताई...” म्हणाले.

तेवढ्यात एक पोरगी म्हणाली, “मॅडमनं लाईट बी घालवली! लई भारी!”

“हाव, घालवली,” मी म्हणाले. माझाच आवाज, पण मला ओळखू येईना. “आता आपण त्या यानात आहोत. छत खाली येतंय, कारण आपण पृथ्वीवर उतरतोय. जमिनीवरून एक माणूस त्या तिघांशी बोलत होता आणि ते फक्त त्याचंच ऐकत होते. तुम्ही फक्त माझं ऐकायचं. उठायचं नाही. डोळे गच्च मिटा. हात पुढच्याच्या खांद्यावर. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही. पहिली रांग, बसल्या बसल्या सरका.”

छत माझ्या केसांना लागलं, मग कपाळाला. मी बोलत राहिले. दुसरी रांग, तिसरी रांग. दाराशी गफूरभाई दोन्ही हातांनी कापड उचलून उभे होते आणि एकेकाला सांगत होते, “उतरा बेटा, आरामात उतरा.”

सगळ्यांत शेवटी मी बाहेर आले. मैदानात पोरं नाचत होती. “उतरलो! उतरलो!” मास्तर मोजत होते, सगळी होती. सर घामानं निथळत होते.

नाचत नव्हती ती एकच जोडी. तिसरीतली एक पोरगी अवघडून उभी होती, आणि तिच्या मागे अप्पा. कपडे मातीनं भरलेले, डोळे गच्च मिटलेले, हात तिच्या खांद्यावर.

सर धावले. “अप्पा, अहो...”

अप्पांनी दुसऱ्या हातानं त्यांना थांबवलं. “गप ऱ्हावा भालेराव.” आणि डोळे तसेच मिटून, शाळेतल्या पोरासारखं विचारलं, “मॅडम, सोडू का आता हात?”