आंगणातली रोवणी

शेजाऱ्याच्या गवतावर माझा जीव जळला, हे आधीच सांगून टाकतो. मागून दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा माझ्याच तोंडून गेलेलं बरं. मी चौथी शिकलेला माणूस, धान लावण्यात जन्म गेला. लिहिणं माझं काम नाही. पण हे पोटात ठेवलं तर पचत नाही.

आमचं घर सानगडीला. गल्ली ओलांडली की समोर शेजाऱ्याचं. तो जवाहरनगरच्या बारुदाच्या फॅक्टरीत होता, तिथंच क्वार्टरमध्ये राहायचा. रिटायर झाला आणि बायकोला घेऊन गावात परत आला. बापाचं जुनं घर पाडून नवं बांधलं. एवढं सगळेच करतात. पण यानं समोरची जागा मोकळी सोडली आणि तिथं गवत लावलं. तेही विकत आणून! नागपूरहून गाडी आली, तिच्यात गवताच्या सतरंज्या गुंडाळून ठेवलेल्या. मजुरांनी त्या उलगडल्या आणि संध्याकाळपर्यंत सारं हिरवंगार. आम्ही जन्मभर शेताच्या बांधावरचं, धुऱ्यावरचं गवत कापून हात फोडून घेतले, आणि हा गवत विकत आणतो. मी ओट्यावर बसून हसलो होतो.

ते हसणं आठ दिवस टिकलं. मग सिमेंटच्या गट्टूंची वाट झाली. कडेनं मेहंदीचं कुंपण झालं. रंगवलेल्या टायरांत शेवंती आली, आणि मधोमध लोखंडी झोपाळा. रोज पाच वाजता दोघं नवराबायको चहा घेऊन झोपाळ्यावर बसायचे. ती काहीबाही बोलत राहायची, तो बशीत ओतून फुर्र करायचा. मी समोरून पाहायचो. माझी घरची जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते.

आमचं आंगण तिचं होतं. घर माझ्या बापाचं, वावर माझ्या बापाचं, पण आंगण तिचं. लग्नाच्या तिसऱ्या साली तिनं मला बंडी जुंपायला लावली आणि तलावाच्या पाळीकडून मुरूम आणवला. सात खेपा. मग पोटात पोरगी असताना ती लाकडाची चोपणी घेऊन बसली आणि पंधरा दिवस सारं आंगण चोपलं. वरून शेण. त्यानंतर चाळीस वर्षं दर आठवड्याला सारवण. जमीन अशी झाली होती की लाखोळीचा दाणा सांडला तर नखानं उचलावा, माती सोबत येणार नाही. वड्या तिथंच वाळायच्या, धान तिथंच, पोरीच्या लग्नाची पंगतही तिथंच बसली.

मी खर्रा खाऊन थुंकलो की ती आतून ओरडायची, "तिकडं थुका! आंगण काय तुमच्या बापाचं होय?"

"होय. बापाचंच होय."

"मंग बापालेच सांगा सारवाले."

माझा बाप तेव्हा ओट्यावरच बसलेला असायचा आणि दुसरीकडं पाहायचा.

ती गेली आणि सारवण गेलं. मला ते येत नाही. एकदा प्रयत्न केला तर पोपडे धरले. धूळ व्हायला लागली. माझ्या ओट्यावर बसणारे दोन जुने सोबती होते, तेही हळूहळू समोर जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायला लागले. म्हणे, तिकडं थंड लागते. मी म्हटलं, जा, थंड व्हा कायमचे.

उन्हाळ्यात मुलगी आली. तिला नाकाडोंगरीला दिली आहे. तिची दोन्ही लेकरं सकाळपासून समोरच्या गवतावर. जेवायला बोलवलं तरी येत नाहीत. नातीला विचारलं, आजोबाचं घर आवडत नाही काय? ती म्हणाली, "आवडते, पण तिथी लोळता येते."

मुलगी म्हणाली, "बाबा, आपलंही असं काही कराव ना जी. आईचं वर्स भरते पुढं, बरसीले सारे येतील. आंगणाची रया गेली."

"करू ना. त्याच्यात काय हाय? गवतच तं होय."

मग तिनं मोबाईलवर मला आंगणं दाखवली. कुठं दगडातून पाणी पडून राहिलं, कुठं झाडाखाली पलंग, कुठं घरात माणूस एक आणि खुर्च्या बारा. एकाही आंगणात शेणाचा पो दिसला नाही. गेल्यावरही ती रोज नवीन फोटो पाठवायची आणि मी चष्मा लावून पाहत बसायचो. फोटो पाहायचो मोबाईलमधले आणि डोळा असायचा समोर. आपलं त्याच्यापेक्षा मोठं झालं पाहिजे, त्याच्यापेक्षा हिरवं झालं पाहिजे, एवढंच डोक्यात. बरसीला दीडशे माणूस येईल, सगळे माझ्या गवतावर बसतील, आणि तो समोरच्या झोपाळ्यावरून पाहील. हे मी मनात इतक्या वेळा रंगवलं की त्यात जिची बरसी तीच कुठं नव्हती. हे आत्ता लिहिताना ध्यानात येऊन राहिलं.

एक दिवस साकोलीहून एसटी धरली, भंडाऱ्याला उतरलो, तिथून जवाहरनगर. हा जिथून शिकून आला ते मुळातच पाहावं म्हटलं. रस्त्यानं क्वार्टरांची आंगणं पाहत हिंडलो. फाटकाजवळ जास्वंद, विटांच्या तिरक्या कडा, चुना लावलेली झाडं. एका आंगणात माळी गवत कापत होता. त्यानं मला उभं पाहून विचारलं, "काय पायजे बाबाजी?"

मला विचारायचं होतं की हे लावतात कसं. पण साठ वर्षं धान लावणारा माणूस गवत कसं लावायचं हे विचारेल? धान तरी काय आहे, गवतच. मी म्हटलं, "काई नाही, बसची वाट पाहून राहिलो." बस तिथं थांबत नव्हती, हे त्यालाही माहीत होतं.

पाऊस धरला आणि मी कामाला लागलो. धानाला जे करतो तेच केलं. आधी कुदळीनं आंगण खोदलं. चार दिवस लागले. पहिल्या दिवशी तर कुदळ टणकन उलटून यायची, हातात झिणझिण्या. तिनं चोपलेलं आंगण ते, सहज कसं सोडेल? मी शिव्या देत होतो आणि खोदत होतो. मग चारी बाजूंनी धुरा घातला. शेणखत टाकलं. पावसाचं पाणी अडवलं, कमी पडलं ते मोटरनं भरलं, आणि बैल नाहीत म्हणून पायानंच तुडवून चिखल केला. पाटा फिरवून सपाट केला. शेतातल्या धुऱ्यावरची दूब, म्हणजे हरळीच, उपटून तिच्या जुड्या बांधल्या आणि वाकून ओळीनं रोवल्या.

धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बाया गल्लीतून चालल्या होत्या. त्या थांबल्याच.

एक म्हणाली, "काकाजी, कोणतं धान होय हे? हलकं का भारी?"

दुसरी म्हणाली, "कापनीले आमालेच सांगजा जी, घराजवळचं वावर हाय, डबा न्याचं काम नाही."

"जा, आपली रोवणी पाहा," मी म्हटलं. त्या वळणापर्यंत हसत गेल्या.

शेजारी आला. छत्री घेऊन धुऱ्यावर उभा राहिला. तो मला भाऊ म्हणतो. "भाऊ, याले पानी नाही चालत. निचरा लागते. साचलं तं मुळं सडतील. खाली रेती टाकाले पायजे होती."

"तुमी फॅक्टरीत बारूद भरत होते का गवत उगवत होते?"

तो हसला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याचं म्हणणं खरं झालं. मधली दूब पंधरा दिवसांत पिवळी पडून सडली. कडेची तेवढी तगली. शेणखतात धानाचे दाणे होते, ते फुटले आणि चांगले टरारून आले. बेंडक्या आल्या. संध्याकाळी समोर ते दोघं चहा पीत आणि माझ्या आंगणात बेंडक्या ओरडत. श्रावण गेला, भादवा गेला, पाऊस काही हटला नाही. मी पाणी फोडून दिलं तरी चिखल सुकेना. चिखलणी केलेली माती ती. पाणी धरून ठेवायसाठीच आम्ही ती करतो. हे मला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल?

माझी घरची गेली होती ती कोजागिरीच्या आठवड्यात. बरसीच्या तीन दिवस आधी मुलगी आली. रिक्षातून उतरली, एक पाय आंगणात टाकला, तो पोटरीपर्यंत गेला. ती तशीच उभी राहिली. चप्पल चिखलात राहिली होती.

"बाबा, आईचं आंगण कोठी गेलं?"

"तूच म्हणली होती, असं करा म्हणून."

"मी गवत लावा म्हणलं जी. आंगण बुडवा नाही म्हणलं." आणि ती रडायला लागली. वर्षभरात मी तिला इतकं रडताना पाहिलं नव्हतं. तेरवीलाही नाही.

आता दीडशे माणूस बसवायचं कुठं? गल्ली अरुंद, मधून नाली. मागची सांदवाडी उताराची. समाजमंदिरात त्याच दिवशी कोणाच्या तरी पोरीचा साक्षगंध, साखरपुडा, ठरलेला. मी म्हटलं, चिखलावर धानाचं तणस टाकू. मुलीनं आपला चिखलानं भरलेला पाय दाखवला.

त्या संध्याकाळी शेजाऱ्याची बायको आली. धुऱ्यावरून तोल सांभाळत ओट्यापर्यंत आली. "भाऊजी, पंगत आमच्या गवतावर बसवा. काई विचार करू नका."

"नाही."

"काहून जी?"

"तिच्या नावाचं जेवण दुसऱ्याच्या दारात नाही होनार."

"दुसऱ्याच्या? सारवाले पाच वर्सं तिनं मले शिकवलं, नवी सून होती मी तवा, क्वार्टर नव्हतं भेटलं. ते मले दुसरी नव्हती."

ती गेली तसं मुलगी म्हणाली, "बाबा, तुमाले त्या काकाजीचा इतका राग काहून येते? त्यायनं काय केलं?"

काय केलं? काहीच नाही केलं. त्याची बायको जिवंत आहे, एवढंच केलं. हे मी मुलीला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओट्यावर बसून खर्रा घोटत राहिलो. चूल आंगणाबाहेर मांडायची की शेजाऱ्याच्या मागे, हे आचारी दोनदा विचारून गेला. शेवटी मी उठलो, स्वयंपाकाची मोठी गंजं एकेक करून उचलली आणि गल्ली ओलांडून समोर नेऊन ठेवली. शेजाऱ्यानं एक कडा धरली.

बरसीच्या दिवशी पहिलं पान मात्र मी माझ्याच आंगणात वाढलं. ते आपल्याच दारी लागतं. चिखलावर लाकडाची पाटी टाकली, तिच्यावर पान ठेवलं. वांग्याची भाजी, वरण, भात, वडे, तिला आवडायची ती वाळवलेल्या लाखोळीची भाजी मूठभर. पाटी हळूहळू एका बाजूनं खचत होती. मी चिखलात उभा राहून ती हातानं धरून ठेवली आणि मनात म्हटलं, माफ कर, तुझं आंगण मीच मोडलं, त्यानं नाही.

पंगती तीन उठल्या. लोक शेजाऱ्याच्या गवतावर मांडी घालून जेवले आणि वरून म्हणाले, वा, गादीवर बसल्यासारखं वाटते. माझ्या कानात ते शिशासारखं गेलं. पण चार वाजता सगळे उठले तेव्हा गवत पाहण्यासारखं होतं. जागोजागी चेपलेलं, वरणाचे पिवळे डाग, एका कोपऱ्यात कोणी गंज ओढत नेल्यानं माती उघडी. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. वर्षभरात पहिल्यांदा पोटात थंड वाटलं.

भांडी परत न्यायला गेलो तर दोघं नवराबायको गवतात उकिडवे बसून शितं वेचत होते.

"अवो, ते तिकडचं राहिलं. मुंग्या होतील ना."

"तू ऊठ आता. तुये गुडघे धरतील, मंग राती मले तेल लावा म्हणशील."

"माये गुडघे हायत. तुमाले काय करायचं?"

"लावनारा मीच हावो ना."

मी गंज हातात घेऊन उभा. मला वर्षभर कोणी असं बोललं नव्हतं. मुलगी बोलते, पण ती सांभाळून बोलते.

शेजारीण वर पाहून म्हणाली, "भाऊजी, उभे काहून? बसा, तुमी बी येचा. तुमचेच पाहुने सांडून गेले."

बसलो. शितं वेचली. गवत खालून ओलं आणि मऊ होतं. पोट थंड झालं होतं ते पुन्हा तापायला लागलं, कारण गवत खरंच चांगलं होतं, आणि त्या दोघांचं भांडण त्याहून चांगलं होतं. त्यानं मला विचारलं, पुढच्या उन्हाळ्यात मुरूम आणू काय, माझ्या ओळखीचा ट्रॅक्टर आहे. मी म्हटलं, पाहू. चोपायचं मात्र मलाच लागेल, हे त्याला सांगितलं नाही.

निघताना मी त्यांचं फाटक लोटलं नाही. मुद्दाम. गायी गावात परतायची वेळ झाली होती आणि त्यांना हिरवं लांबून दिसतं. अर्धी गल्ली ओलांडली. मागून त्या दोघांचं अजून चालूच होतं, कोणत्या कोपऱ्यात शितं राहिली यावरून. मग मी परत गेलो आणि फाटकाची कडी घातली.