हॉलमधलं लेथ मशीन

शेठजी कोणतीही वस्तू आधी अंगठा आणि दोन बोटांत धरून चोळून पाहायचे. जन्म कापड विकण्यात गेलेला. दूधवाल्याची किटली असो की माझ्या स्कूटरचा आरसा, चोळून झालं की म्हणायचे, "माल बराबर आहे."

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याचं आयुष्य एका धंद्यात गेलं आणि जीव दुसऱ्यातच अडकला. आमच्या आष्टीच्या या शेठजींचा जीव लोखंडात होता. दुकान मुलाच्या हाती दिलं आणि त्यांनी लोखंड कातायचं एक जुनं लेथ मशीन आणलं. मागच्या खोलीत कारखाना काढायचा, असा बेत.

आम्ही शेजाऱ्यांनी लोखंडी पाइपांवरून सरकवत ते हॉलपर्यंत नेलं. पण मागच्या खोलीची जमीन हॉलपेक्षा चांगली हातभर उंच. शेठजींनी वर पाहिलं. छताच्या कडीला त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या भाभींचा, झोपाळा टांगलेला होता. दुपारी त्यावर बसून त्या माहेरी फोन करायच्या.

झोपाळा उतरला. त्या जागी विहिरीवरची कप्पी आणि जाड दोर आला. भाभींनी कडी जुनी आहे एवढंच सांगितलं. शेठजींनी नुसता हात हलवला. आम्ही दोर ओढला, मशीन वीतभर उठलं, तशा भाभी पाहुण्यांच्या गाद्या आणून पायाने खाली सरकवू लागल्या. आम्हाला हसू आलं.

"त्याला झोपवायचं न्हाई, उचलायचंय," शेठजी म्हणाले.

मशीन उंबऱ्याच्या बरोबरीला आलं आणि कडीभोवतीचं प्लास्टर गळायला लागलं. आम्ही शेठजींना मागे व्हायला सांगत होतो. ते हलेनात. दोन्ही हातांनी मशीनला धरून उभे.

भाभी हळूच म्हणाल्या, "सोडा त्याला. मशीन दुसरं भेटंल."

शेठजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते बाजूला झाले. तेवढ्यात कडी निघाली. दोर ओढणारे आम्ही एकमेकांवर पडलो, मशीन गाद्यांवर. घरभर कापूस उडाला, कुणाला कुणी दिसेना. मग त्या पांढऱ्या ढगातून आवाज आला, "माल बराबर आहे."

मशीन तिथेच, हॉलमध्ये राहिलं. पाहुणे त्याच्याभोवती बसायचे, चहाचे कप त्याच्यावरच ठेवायचे. शेठजींनी पहिलं लाटणं घडवलं ते भाभींसाठी. एका टोकाला जाड झालं होतं. त्यांच्या पोळ्या तेव्हापासून एका बाजूने पातळच. झोपाळा गेल्यामुळे भाभी दुपारी खुर्ची टाकून मशीनसमोर बसू लागल्या. हात मात्र शेठजी लावू द्यायचे नाहीत. पदर अडकेल म्हणायचे.

यंदा उन्हाळ्यात शेठजी गेले. पुढे एका दुपारी त्यांच्या घरातून मशीनचा आवाज आला आणि आम्ही सगळे धावलो. भाभी पदर कमरेला घट्ट खोचून, शेठजींचा चष्मा लावून मशीनपुढे उभ्या होत्या. नजर न काढता म्हणाल्या, "चालू कसं करायचे, ते रोज बघायचे मी. बंद करायच्या टायमाला मी सैपाकात असायचे. तेवढं बघायचंच राह्यलं."