पायाखालचं बटन

"एका बटनासाठी गोंदिया?" डब्यात दशम्या भरता भरता बायकोने विचारलं. "पुण्यात बटनं मिळायची बंद झाली का?"

तिला काय सांगणार, कप्पाळ! बटन साधंसुधं नव्हतं. पन्नासच्या दशकातल्या काही मोठ्या अमेरिकन गाड्यांना हौशी गिऱ्हाइकांसाठी कारखान्यातूनच जादा सामान लावून मिळायचं. कुणाला सीटखाली हीटर, कुणाला समोरून गाडी आली की आपोआप मंद होणारे दिवे, आणि अगदी मोजक्यांना रेडिओचं पायबटन. चालवणाऱ्याने डाव्या पायाने खालचं बटन दाबलं, की रेडिओ आपला आपण पुढचं स्टेशन शोधून लावणार. हात स्टिअरिंगवरून हलवायला नको. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत, म्हणजे आपल्याकडे आलेल्या गाडीत, हे बटन मी उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. आणि गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावी ते आहे, असा फोटो मुंबईच्या एका शेठजींकडे आला होता. शेठजी जुन्या गाड्या जमवतात. "बटन कारखान्याचं असेल तर बघू. जाऊन खात्री करून या," एवढंच म्हणाले.

माझा धंदाच तो. गाडीसोबत जन्माला आलेलं काय आणि मागाहून कुणी चिकटवलेलं काय, ते पारखायचं. या बाबतीत मी चांगलाच खडूस आहे. मागाहून लावलेला एक स्क्रू दिसला तरी माझं डोकं फिरतं. गाडीचं नाव मात्र इथे सांगणार नाही, कारण ते छापून आलं की दुसऱ्या दिवशी त्या घरापुढे दलालांची रांग लागेल.

डिसेंबरातल्या एका सकाळी गोंदियाला उतरलो. फलाटावर पोहे घेतले, त्यावर हरभऱ्याची झणझणीत तर्री (लाल रस्सा) आणि मूठभर सांबार. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. मी वाटीतल्या सांबाराची वाट बघत उभा, आणि पोहेवाला माझ्याकडे बघत उभा. "डाल तो दिया साहब, और कितना डालूं?" तो वैतागून म्हणाला. गोंदिया शहर असं बिनदिक्कत हिंदी बोलतं. तिथून चांदाफोर्टच्या पॅसेंजरने सौंदड. दोन्ही बाजूंना धान कापलेल्या बांध्या (बांध घातलेली भातखाचरं), मधूनच एखादं तळं, आणि खळ्यांवर चाललेली मळणी. डब्यात सगळीकडे नव्या धानाचा वास होता.

सौंदडला न्यायला हिरालालजी आले होते. गाडीचे मालक गेंदलालजी काही वर्षांपूर्वी वारले. हिरालालजी त्यांचे धाकटे भाऊ, साठी ओलांडलेले, स्कूटरवर ताठ बसणारे आणि एक क्षण गप्प न राहणारे. बोलायचं संपलं की गाणं सुरू. तरुणपणी ते दंडारीत (झाडीपट्टीतलं नाचगाण्याचं लोकनाट्य) गात असत, आणि तो गळा अजून शाबूत होता. इटियाडोहच्या कालव्याकाठून स्कूटर चालली होती आणि वाऱ्यावर दंडारीची तान.

मध्येच तान थांबवून ते म्हणाले, "साहेब, उगाच आले तुमी. ते बटन अमेरिकेचं नाही. गोंदियाच्या रेडिओवाल्यानं बसवलं. मी सांगून सांगून थकलो, पन वहिनी आयकतच नाही."

"तुम्ही पाहिलंत?"

"माह्या ह्या डोळ्यानं!"

झालं! माझा अर्धा उत्साह स्कूटरवरच गळाला.

घरी कौशल्याबाई, गेंदलालजींच्या पत्नी, ओसरीत लाकडी खुर्चीवर बसल्या होत्या. घर पोवार समाजाचं. आपसात ते पोवारी बोलत आणि माझ्याकडे वळून झाडीबोली. "बसा जी. आधी जेवा, मग गाडी पाहा. गाडी कुठं पळून राहिली?" त्या म्हणाल्या. जेवणाला नव्या तांदळाचा भात, लाखोरीच्या डाळीचे वडे आणि भेदराची (टोमॅटोची) चटणी. लाखोरी म्हणजे धान निघाल्यावर त्याच ओलीवर बांधीत येणारं कडधान्य. चटणी अशी, की मी नको नको म्हणत तिसऱ्यांदा भात घेतला.

गाडी धानाच्या कोठाराशेजारच्या छपरीत होती. ताडपत्री काढली आणि मी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. कौशल्याबाईंच्या सासऱ्यांनी ती बालाघाटकडच्या एका खाणमालकाकडून घेतलेली. रंग विटलेला, पण मूळचा. काचांवर कारखान्याचे शिक्के. मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी घालायला बसली होती आणि ती मला बघून जागची हललीसुद्धा नाही.

"मी सालेकस्याकडची, कचारगडाच्या अंगची," कौशल्याबाई दाराशी उभ्या राहून सांगू लागल्या. "लग्न झालं अन् ह्याच गाडीत सासरी निघाली. डायवरले वऱ्हाडाच्या गाडीत बसवून देल्लं, अन् हे सोता चालवून राहिले, मुंडावळ्या बांधून! मी मागं रडून राहिली. रेडिओ चालू होता. हे मागं न पाहता म्हनाले, 'गानं नाही आवडलं का? मनातल्या मनात म्हना, बदल.' मी म्हनली मनात. अन् बदललं!"

"घाबरला नाहीत?"

"रडनंच इसरली! लय दिवसांनी बटन दिसलं तवा हे हसले. म्हने, 'अमेरिकेहून असंच आलं, खास नव्या नवरीसाठी.' आता भाऊजी म्हनते, गोंदियाचं होय. गावातबी तेच म्हनते, मालक फेकत होते मनून." त्या थांबल्या. "गाडी कोनी नेलीन त नेवो, भाऊ. मले एकच सांगून जा. ते माह्यासंगं खोटं बोलले का?"

आली का पंचाईत! मी लोखंड पारखणारा माणूस. पण त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी गुपचूप बॉनेट उघडलं.

गाडीला कोणतं जादा सामान कारखान्यातून लागून आलं, त्याचे आकडे बॉनेटखालच्या एका छोट्या धातूच्या पट्टीवर ठोकलेले असतात. पट्टी वाचली की निकाल लागला. पट्टी होती. आरशासारखी चकचकीत होती. आणि तिच्यावर एक अक्षर नव्हतं!

"हे कुणी केलं?" मी ओरडलोच. "पट्टी घासली कुणी?"

"मीच," कौशल्याबाई म्हणाल्या. "दर दसऱ्याले. चिंच अन् राख लावून, देवाच्या भांड्यासारखी. गाडीची पूजा होत होती ना. गाडीत तेवढंच एक पितळीवानी चमके."

"अहो बाई, तिच्यावर लिहिलेलं होतं ना सगळं!"

"होतं ना. बारीक बारीक. पहिले पहिले तेच्यात चिंच अडके." त्या बोलता बोलता थांबल्या. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं. "मंजे मीच पुसलं का?"

मला माझ्याच आवाजाची लाज वाटली. नवऱ्याच्या खरेपणाचा एकुलता एक साक्षीदार या बाईने भक्तिभावाने, वर्षानुवर्षं, स्वतःच्या हाताने घासून टाकला होता. "पट्टीवाचूनही कळतं," मी म्हणालो. "थोडा वेळ लागेल, इतकंच."

हिरालालजींनी जुनी लुंगी दिली आणि गाडीखाली तणस (धानाचा पेंढा) अंथरलं. तणस पाठीला टोचत होतं, शिंकांवर शिंका येत होत्या, बॅटरीचा उजेड हलत होता. बटनासाठी तळाच्या पत्र्याला कारखाना भोक पाडतो ते साच्याने, रंग देण्याआधी, त्यामुळे भोकाच्या कडेलाही रंग असतो. मनात आलं, असू दे बाबा रंग, या बाईसाठी तरी असू दे.

रंग नव्हता. भोक छिन्नीने पाडलेलं, कड उघडी, गंजलेली, तिच्यावर कानशीचे ओरखडे. मात्र कड घासून गोल केली होती, पायाला लागू नये म्हणून. रेडिओ कारखान्याचा होता, स्टेशन शोधायची त्याची दांडीही खरी. पण तिला खालून जोडलेलं बटन? ट्रकचं डिपर! दिवे वर-खाली करायला जुन्या ट्रकच्या ड्रायव्हरच्या पायाशी असायचं ते.

बाहेर आलो. पाठीवरचं तणस झटकत जमेल तितका वेळ काढला. शेवटी म्हणालो, "बाई, गाडी अस्सल आहे. रेडिओ अस्सल आहे. बटन मागाहून बसवलेलं आहे."

"पाहा!" हिरालालजींनी मांडीवर थाप मारली. "मी का म्हनत होतो?"

कौशल्याबाई दारातून मागे झाल्या. पदर नीट केला आणि ओसरीकडे चालू लागल्या. मला हिरालालजींचा असा संताप आला की काय सांगू! आणि माझा स्वतःचाही. पण मागाहूनची वस्तू सापडली की ती कुणी बसवली आणि कधी, हे मी विचारतोच. सवयच आहे. त्या सवयीनेच तोंडातून निघालं, "कधी बसवलं हे?"

"कधी मंजे?" हिरालालजी म्हणाले. "लग्नाच्या वक्ती. मांडव टाकला होता, पावने येऊन राहिले होते, अन् दादा गेले गोंदियाले! हळद लागल्यावर नवरदेव गावाची शीव ओलांडते का कधी? बाबूजी बोंबलून राहिले, 'अंगाले हळद अन् हा ट्रकचं डिपर घेऊन कायले फिरून राहिला!' मी संगं होतो ना. रेडिओवाला म्हने, उद्या या. दादा म्हनले, उद्या माही वरात आहे. सोता कानस घेऊन घासत बसले. हळदीचे हात, सारं स्टिअरिंग पिवळं!"

कौशल्याबाई पायरीवर थांबल्या होत्या. पाठमोऱ्याच.

"हे तुम्ही आधी कधी सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"काऊन सांगू? कधी बसवलं, हे कोनं इचारलं? सारे कुठं बसवलं तेच इचारत!"

त्या वळल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या चक्क हसत होत्या. "हळदीच्या अंगानं शीव ओलांडली?" त्या म्हणाल्या. "माह्यासाठी?" आणि मग दिराकडे बघून, "भाऊजी, तुमी त एकदम बैल हा जी!"

हिरालालजी तोंड उघडं टाकून उभे राहिले. भावाला खोटं पाडता पाडता आपण काय सांगून बसलो, ते त्यांच्या आत्ता ध्यानात येत होतं.

फोनला रेंज नव्हती. कालव्याच्या पाळीवर (बांधावर) चढलो, चढताना एकदा गुडघ्यापर्यंत चिखलात गेलो, आणि शेठजींना खरं ते सांगितलं. ते जरा हिरमुसले. मग म्हणाले, "बाकी गाडी ओरिजिनल आहे ना? मग घेतो. ते डिपर काढून फेका आणि भोक बुजवून घ्या."

परत येऊन निरोप दिला. कौशल्याबाई म्हणाल्या, "गाडी नेवो. चालोनारा गेला, मी तिच्यात बसून कुठं जाऊ? बटन मात्र फेकू नोका. मले द्या."

मागाहूनच्या वस्तू उपटून काढण्यात मला एरवी आसुरी आनंद होतो. त्या दिवशी एकेक स्क्रू मी असा सोडवला, जणू हेच काय ते कारखान्याचं आहे आणि बाकीची गाडी मागाहून लावली आहे. पुसून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वास घेतला. हळदीचा कुठला, ग्रीसचा आला असणार.

निघायची वेळ झाली. हिरालालजी स्कूटरला किक मारायचं सोडून अंगणात घुटमळत होते. अपराधी वाटलं की माणूस गुणगुणतो तसे दंडारीचं काहीतरी गुणगुणत होते. कौशल्याबाई खुर्चीवर बसल्या. बटन जमिनीवर ठेवलं, डावा पाय त्यावर ठेवला, आणि दिराकडे बघत दाबलं.

खट्ट.

हिरालालजी थबकले. वहिनीच्या पायाकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं. घसा खाकरला. आणि दुसरं गाणं सुरू केलं.

दोन दिवसांनी घरी पोचलो. बायकोने दार उघडताच विचारलं, "मग? बटन ओरिजिनल निघालं?"

"नाही," मी म्हणालो. "माणूस ओरिजिनल निघाला." आणि उंबऱ्यातच बॅग खाली ठेवून तिला सगळं सांगितलं, हळद, शीव, कानस, सगळं.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग बॅग उचलून आत नेता नेता म्हणाली, "आपल्या घरात माझ्यासाठी मागाहून बसवलेलं काय आहे, ते जरा पारखून सांगा बघू."

अजून शोधतो आहे.