नाक्यापलीकडचं पेट्रोल

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदिरानगरात, आमच्या घराजवळच्या पंपावर रांगेत उभी होते. पलीकडून मंदार, माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, म्हणाला, "मावशी, बाबा गेले." मी गाडी रांगेतून बाजूला घेतली, त्याला विचारायचं ते विचारलं, येते म्हणाले. मग पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले आणि पेट्रोल भरूनच निघाले. रेट किती होता ते मी पाहिलं नाही. मी कधीच पाहत नाही. ही सवय मी मुद्दाम लावून घेतली आहे, आणि ती ज्या माणसामुळे लावून घेतली तो माणूस त्या सकाळी गेला होता.

याच पुरवणीत दोन आठवड्यांपूर्वी त्यांच्या ऑफिसातल्या एका मित्राने त्यांच्यावर लिहिलं. काटकसरीचा आदर्श, हिशेबी पण निर्मळ, असं बरंच काही होतं. वाचून माझं डोकं तडकलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मलाही माहीत आहे, पण मग खोटंही बोलू नये. वसंतदाजींकडून मला एक वाक्य हवं होतं. "माझं चुकलं," एवढंच. त्यासाठी मी बरीच वर्षं थांबले. आता ते मिळणार नाही, म्हणून मी माझ्या बाजूने लिहून मोकळी होते.

शालूताईचं लग्न झालं तेव्हा दाजींकडे स्कूटर होती आणि नव्वदच्या दशकातल्या नाशिकमध्ये स्कूटरवाला जावई म्हणजे देवळ्यासारख्या गावात कौतुकाचा विषय होता. हे कौतुक आम्हाला लवकरच पचवावं लागलं. शहराच्या हद्दीत जकातीमुळे पेट्रोल थोडं महाग पडायचं, नाक्याच्या बाहेर थोडं स्वस्त. हे सगळ्यांनाच माहीत होतं. बाहेरगावी जाताना लोक बाहेर भरायचे आणि विसरून जायचे. दाजी विसरत नसत. आडगावकडे काय रेट, सिन्नरच्या रस्त्याला काय, त्र्यंबक रोडला काय, हे त्यांना तोंडपाठ. घरी पाहुणे आले की चहाच्या आधी हा विषय निघायचा. कुणी जवळच्या पंपावर भरून आलंय असं कळलं की ते त्याच्याकडे अशा दयेने बघायचे, की तो बिचारा खिसा चाचपून बघायचा. ताईला भाजीला जायचं असो की मंदारला ताप असो, स्कूटर आधी नाक्यापलीकडे जाऊन यायची. तिथवर जाण्यायेण्यात किती जळतं, असं एकदा माझ्या मिस्टरांनी विचारलं. त्यानंतर ते दाजींच्या मनातून उतरले ते कायमचेच.

आमच्या आईने आम्हा दोघींना लग्नात भांड्यांबरोबर लोकर विणायच्या सुयांची एकेक जोडी दिली होती. ती देवळ्याच्या शाळेत शिक्षिका होती, आणि तिकडच्या थंडीत अख्ख्या घराला तिच्या हातचे स्वेटर असायचे. विणणं दोघींनाही तिनेच शिकवलं, पण हात ताईचाच चांगला. दाजींनी त्या जोडीतली एक सुई उचलली. स्कूटरच्या टाकीत बुडवून पेट्रोल किती उरलंय ते बघायला ती सरळ, लांब आणि फुकटची होती. कानशीने त्यांनी तिच्यावर खाचा पाडल्या, लिटरची एक, अर्ध्याची एक, आणि ती डिकीत ठेवून दिली. ताईने दुसरी सुई कपाटात ठेवली. एका सुईने काही विणता येत नाही. आईने एकदा विचारलं, हल्ली काही विणत नाहीस का, तेव्हा ताई म्हणाली, वेळ मिळत नाही.

हरसूलची गोष्ट त्या मित्राच्या लेखात नव्हती, असण्याचं कारणही नाही, कारण दाजींनी ती कुणालाच सांगितली नसणार. एकदा त्यांनी जाहीर केलं की रविवारी सहलीला जायचं. ताईने पुऱ्या, बटाट्याची भाजी केली. आम्ही दोघं आमच्या स्कूटरवर, ते तिघं त्यांच्या. त्र्यंबक मागे पडल्यावर कळलं की ही सहल नाही, राज्याची हद्द ओलांडून पलीकडच्या पंपावर जायचंय, तिकडे फारच स्वस्त आहे म्हणे. ताईच्या मांडीवर जी पिशवी होती तिच्यात पुऱ्यांखाली प्लास्टिकचे दोन रिकामे कॅन होते. तिकडे जाऊन भरायचं म्हणून निघताना टाकी मुद्दाम तळाला ठेवलेली. हरसूलच्या अलीकडे चढावर स्कूटर बंद पडली. सुई बुडवून झाली, कोरडी आली. आमच्यातलं थोडं काढून देतो म्हटलं तर नको म्हणाले, उसनं घेत नाही. मग आम्ही स्कूटर ढकलत हरसूलात आलो. बाजाराचा दिवस होता, गर्दी होती, आणि एका किराणा दुकानात बाटलीतून पेट्रोल विकायला ठेवलं होतं. दाजींनी भाव विचारला आणि ऐकून वाद घालायला लागले. पलीकडे काय रेट आहे ते त्यांनी दुकानदाराला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "सायेब, तिकडं स्वस्त हाय ते खरं. पन ते तिकडं हाय. तुमची गाडी इकडं हाय." शेजारी बसलेली बाई तोंडाला पदर लावून हसली. दाजींनी बाटली घेतली, एवढंसं तोंड करून ओतली, आणि तिथूनच परत फिरलो. पुऱ्या आम्ही घरी येऊन खाल्ल्या. त्यांना कॅनचा वास लागला होता.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. आम्हीही नेत होतो. प्रत्येक घरात असा एखादा असतोच, असं म्हणायचो.

मग स्कूटर अंगणात पडून राहिली आणि जुनी कार आली. पेट्रोलचे भाव महिन्यात दोनदा वरखाली व्हायला लागले, तसा दाजींना ऊत आला. आता नुसतं कुठे भरायचं एवढंच नाही, कधी भरायचं हेही होतं. एका दिवाळीला आमच्याकडे फराळाला आले असताना त्यांनी आम्हाला एक गुपित सांगितल्यासारखं सांगितलं: भाव उतरणार अशी कुणकुण लागली की डीलर माल उचलत नाही. महागाचा साठा कोण गळ्यात बांधून घेईल? म्हणून भाव उतरायच्या आदल्या-नंतरच्या दिवशी बाहेरच्या पंपांवर पेट्रोल संपलेलं असतं. लोकांना वाटतं टंचाई आहे. "हे कुणाला ठाऊक नसतं," असं म्हणून त्यांनी चकली मोडली. ती चकली मोडण्याची ऐट माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे, कारण पुढे जे झालं ते या वाक्याशिवाय समजणार नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आई आजारी पडली. मी आधीच एसटीने देवळ्याला गेले होते. एका संध्याकाळी डॉक्टरांनी दादाला, आमच्या भावाला, बाजूला घेऊन सांगितलं की ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. दादाने लगेच ताईला फोन केला. दिवेलागणीची वेळ होती. तेव्हाच निघाले असते तर जेवणाच्या सुमारास पोचले असते. ताईने पिशवी भरली, पायात चपला घातल्या. गाडीत पेट्रोल तळाला गेलं होतं. पंप घराच्या पुढच्या चौकात. पण टीव्हीवर सांगितलं होतं की मध्यरात्रीपासून भाव उतरणार. दाजी म्हणाले, पहाटे निघू, नाक्याबाहेर पडलो की नव्या भावाने भरू. ताई म्हणाली, थोडं तरी इथे घ्या. थोडं घेतलं तरी महागाचंच, असं उत्तर मिळालं. हे मला ताईनेच नंतर सांगितलं, खाली बघत, जणू हट्ट तिनेच केला होता.

देवळ्याला आई जागीच होती. घरात ती कायम अहिराणीच बोलायची. थोड्या थोड्या वेळाने दाराकडे बघून विचारायची, "शालू उनी का?" आणि मी सांगायचे, "निंघनी, आई. रस्तामा शे." मला खरंच तसं वाटत होतं. ती मान हलवायची, डोळे मिटायची, पुन्हा उघडायची...

पहाटे ते आडगाव नाका ओलांडून पलीकडे गेले. पहिल्या पंपावर दोरी बांधलेली, पोरं खुर्च्यांवर पेंगत बसलेली. पेट्रोल नाही, टँकर दुपारी येईल. पुढच्या पंपावर तेच. मागे वळून शहरात आले असते तर मिळालं असतं, पण परत नाक्याच्या आत जाऊन भरायचं हे त्यांच्या जिवावर आलं. अजून एक बघू म्हणत पुढे गेले आणि ओझरच्या अलीकडे गाडी थांबली. मागून देवळ्याकडे जाणारी एसटी येताना दिसली तेव्हा ताईने हात केला. बस थांबलीही. दाजी म्हणाले, तू गेलीस तर गाडीपाशी कोण थांबेल, मी कॅन घेऊन जातो. ताई उतरवल्यासारखी मागे सरली. बस गेली. दाजी एका ट्रकमध्ये बसून पिंपळगावकडे गेले आणि माझी बहीण मांडीवर पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला गाडीत बसून राहिली, आई तिची वाट बघत असताना, मोकळा रस्ता समोर असताना. मला या माणसाच्या बाकी सगळ्याची कीव येऊ शकते. या बसची येत नाही.

ते पोचले तेव्हा आम्ही आईला खाली घेतलं होतं. सकाळी तिने शेवटचं विचारलं तेव्हाही मी रस्तामा शे असंच सांगितलं होतं. ताई आत धावली. दाजी गाडीला कुलूप लावून आले आणि दादाला म्हणाले, "सगळे पंप कोरडे. काय करणार?"

तेराव्याला पंगती उठल्यावर मी त्यांना ओसरीवर गाठलं. आवाज चढवला नाही. विचारलं, "दाजी, भाव उतरायच्या वेळी बाहेरचे पंप कोरडे असतात, हे तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं ना?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील. ते म्हणाले, "त्या पंपवाल्याने साठा ठेवायला हवा होता." आणि हात धुवायला गेले.

त्यानंतर आम्ही लग्नामुंजीत भेटायचो. मी तोंड फिरवायचे, पण त्यांना एकच विषय येत असे आणि ते विचारायचेच, "तुमच्या इंदिरानगरला काय रेट?" मी म्हणायचे, "बघितला नाही." एवढंच आमचं बोलणं. शेवटी मी त्यांना बघायला दवाखान्यात गेले तेही ताईसाठी. तिला मुद्दाम खाली चहाला पाठवलं आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून बसले. त्यांना संधी द्यावी असं मनात होतं. खोटं कशाला बोलू, मला ती स्वतःसाठीच हवी होती. ते खूप वाळले होते. मग ओठ हलले, मी वाकले. "तुमच्याकडे... काय रेट चाललाय?" मी म्हटलं, "बघितला नाही." त्यांनी डोळे मिटले. ताई चहा घेऊन आली.

दिवसकार्य आटोपल्यावर ताई मला म्हणाली की एक गोष्ट तुला माहीत नाही. आई गेल्यापासून त्यांनी गाडीची टाकी कधी अर्ध्याच्या खाली जाऊ दिली नाही. काटा उतरला की लगेच भरून आणायचे, भाव असेल तो असो. मग माझ्याकडे बघत राहिली, मी विरघळेन अशा आशेने. मी विरघळले नाही. टाकीची माफी मागून काय उपयोग? आई टाकीत नव्हती. आणि जिची मागायची ती रोज त्यांना जेवायला वाढत होती, तिला तर ते काहीच बोलले नाहीत. मी हे तोंडावर म्हटलं. ताई म्हणाली, "जाऊ दे ना, नंदा." ती आयुष्यभर हेच म्हणत आली आहे.

मंदारने अंगणातली स्कूटर भंगारात दिली तेव्हा डिकीत सुई सापडली. ताईने ती साबणाने धुतली, उन्हात ठेवली, पुन्हा धुतली. वास पूर्ण गेला नाही. कपाटातली दुसरी काढली आणि मंदारच्या मुलीसाठी स्वेटर विणायला घेतला. मागच्या आठवड्यात मी गेले तेव्हा खिडकीत बसून विणत होती. हात अजून आईसारखाच चालतो, पण प्रत्येक ओळीला एका जागी थांबायचा. दाजींनी पाडलेल्या खाचांत लोकर अडकायची. ती नखाने टाका सोडवायची आणि पुढे जायची. मला बघवेना. म्हटलं, फेकून दे ती, मी नवी जोडी आणते. "कुठून आणशील?" ती मान वर न करता म्हणाली. "कोपऱ्यावरचा महाग लावतो. मेन रोडला विचार आधी."

मी उठले, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरूनच जोडी घेऊन आले. तिच्या मांडीवर ठेवली. तिने कागद न उघडता विचारलं, "केवढ्याला मिळाली?"

"बघितली नाही किंमत," मी म्हणाले, दाजींना म्हणायचे तशाच आवाजात. तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिने डोळे मिटले, क्षणभरच, आणि पुन्हा सुई हातात घेतली. नवी जोडी तिच्या कपाटात तशीच कागदात आहे. स्वेटर निम्मा झालाय. लहान मुलीचा आहे, पण नाकापाशी धरला तर त्याला पेट्रोलचा वास येतो.