बंधाऱ्याच्या कडेचे दगड

नवरा गेल्यावर पंधराव्या दिवशी मी नाल्यावर कामाला गेले. सासू दारातून म्हणाली, "काहून जातेस वं? लोक काय म्हणतीन?"

"घरी बसून काय करू, माय?"

आसगावच्या बाजूचं आमचं गाव, घर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगलेलं. पावसाळ्यात तलावातली मासोळी नाल्यानं वर चढायची आणि धानाच्या बांध्यांतल्या, म्हणजे खाचरांतल्या, उथळ पाण्यात अंडी घालायची. मग नाल्यावर सिमेंटचा बंधारा झाला. मासे भिंतीला धडकून परत फिरायला लागले. वरचा नाला बेशरमाच्या झुडपांनी बुजला. नवऱ्यानं जाळं गुंडाळलं आणि तुमसरला राइस मिलमध्ये पोती उचलायला गेला. तिथून ताप घेऊन आला आणि आठ दिवसांत संपला.

बंधाऱ्याच्या पाण्यावर शेतं होती, तो तोडता येणार नव्हता. म्हणून आम्ही बायकांनी ठरवलं होतं की बेशरम मुळासकट उपटायचं आणि एका कडेनं दगड रचून माशांसाठी चढण करायची. नवरा होता तेव्हा तुमसरहून फोनवर सांगायचा, "दगड एकदम उभे नको लावजा. मधात पाणी थांबलं पायजे. मासोळीबी दम घेते."

तसेच लावले. मी गेले की बायका गप्प व्हायच्या, थोड्या वेळानं पुन्हा बोलायच्या. मला दोन्ही सारखंच वाटायचं. तळहात सोलले होते, ते जावेनं दाखवल्यावर कळलं.

आषाढात नाला भरून वाहायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ ओरडली, "पाह्य, पाह्य! चढून राहिले!"

बोटाएवढे मासे दगडांमधल्या एका डबक्यातून दुसऱ्यात उसळत होते, मध्येच स्थिर राहत होते. बायका हसल्या, एकीनं डोळे पुसले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला काहीतरी व्हायला हवं होतं. मला फक्त वरचा एक दगड हलताना दिसत होता. पाण्यात उतरून मी त्याच्याखाली दगडाची चीप ठोकली.

सगळे मासे काही चढले नाहीत. पण भादव्यात वरच्या बांध्यांत पिल्लं दिसली. घरी येऊन सासूला सांगितलं, तर ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी तिच्याजवळ थोडा वेळ उभी राहिले. मग चहा ठेवला.