कबड्डीच्या यादीतली एकतीस डिसेंबर

भूतखेत, संकेत-बिंकेत यांवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही फारसा नाही. मी वेबसाइट बनवते. संगणकाच्या नोंदीत, लॉगमध्ये नाही ते घडलंच नाही, असं मानणारी बाई. पण हे भर दुपारी घडलंय, म्हणून लिहितेय.

तीन वर्षांपूर्वी लाखनीला मुलींच्या कबड्डी स्पर्धा होत्या. नोंदणीची वेबसाइट माझी. सकाळी यादी छापली आणि नाकाडोंगरी गावच्या संघाची कॅप्टन पूर्णिमा वयात बाद! जन्म एक जानेवारीचा किंवा नंतरचा हवा होता. यादीत तिची तारीख एकतीस डिसेंबर.

तिच्या प्रशिक्षक लताताई दाखला घेऊन आल्या. "एक तारीखच हाये मॅडम. पोरगी सकाळपासून रडून राहिली."

आयोजक म्हणाले, "दाखला खरा असन, पण आधी यादी सुधरवा. एक वाजता सामना हाये."

शाळेच्या रिकाम्या वर्गात लॅपटॉप उघडला. लताताई दारातच उभ्या. माझ्या स्क्रीनवर तारीख बरोबर, छापली की एक दिवस मागे... काही केल्या चूक सापडेना.

"बाप रे, बारा वाजले!" मी पुटपुटले.

"बारा कुठचे? साडेसहा वाजले. कायले घाबरतेस?"

मागच्या बाकावर हातमागाचं लुगडं नेसलेली एक वयस्कर बाई. मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ – त्यात खरंच साडेसहा!

"मावशी, बंद पडलं ते."

"चालूच हाये. तुमच्याहून साडेपाच घंटे मागं चालते, बस."

सेकंदाचा काटा फिरत होता... आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साडेपाच तास! सर्व्हर जागतिक वेळेवर, यूटीसीवर चालतो. मी जन्मतारखेसोबत उगाच रात्री बाराची वेळही साठवत होते. आपल्याकडे एक तारीख लागते, तेव्हा यूटीसीत आदल्या संध्याकाळचे साडेसहाच वाजलेले असतात. माझा ब्राउझर ती वेळ परत भारतीय करून दाखवायचा. छापायची यादी मात्र सर्व्हर बनवायचा. सगळ्याच मुली एक दिवस मागे गेल्या होत्या, अडली एकटी पूर्णिमा.

वीस मिनिटांत नवी यादी काढली, दाखल्यांशी ताडली. एकूण एक तारीख बरोबर!

"मावशी, जमलं!" म्हणत वळले, तर बाक रिकामा.

"लताताई, त्या मावशी कुठं गेल्या?"

"कोन मावशी? तुम्ही एकट्याच तर बोलून राहिल्या होत्या."

दार एकच, त्यात लताताई उभ्या. खिडक्यांना गज.

विचार करायला वेळ कुठला! पूर्णिमा धावतच मैदानात उतरली आणि शेवटच्या चढाईत तिघींना बाद करून परतली. जिंकलो! मी घसा बसेपर्यंत ओरडले.

पुढे मी जन्मतारखेतली वेळच काढून टाकली. पुन्हा एकही तारीख घसरली नाही. त्या बाईबद्दल आयोजकांना, शेजारच्या घरांत, सगळीकडे विचारलं. कोणीच ओळखत नाही. विजयी संघाच्या फोटोत मात्र मी आहे – पोरींच्या खांद्यावर, चप्पल एकाच पायात.